२७ गुणांचा गार्ड आणि रुसलेला सेंटर

प्रश्न

नमस्कार. मी एका हौशी बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक आहे. आठवड्यातून तीन दिवस सराव असतो. आमचा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून चाल सुरू करणारा) सामन्याला सरासरी २७ गुण करतो. मुलगा मेहनती आहे, उद्धट तर अजिबात नाही. तरी शेवटच्या सातपैकी पाच सामने आम्ही हरलो, तेही चार-सहा गुणांनी. त्याच्या हातात चेंडू आला की बाकीचे चौघे बघत उभे राहतात. सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, आधी १५ गुण करायचा, आता ८ वर आलाय. 'मला फक्त स्क्रीन लावायला, गार्डच्या डिफेंडरची वाट अडवायला ठेवलंय का,' असं म्हणत तो संघ सोडायच्या गोष्टी करतो. गार्डला 'पास जास्त कर' म्हटलं की तो दोन-दोन क्वार्टर शॉटच घेत नाही आणि आम्ही आणखी मोठ्या फरकाने हरतो. त्याला आवरायचं कसं आणि बाकीच्यांना हलवायचं कसं? शेवटच्या सामन्याचा तक्ता आणि व्हिडिओ सोबत जोडला आहे. तो सामना आम्ही ६८-७३ असा हरलो.

— एक प्रशिक्षक

उत्तर

'पास जास्त कर' हे वाक्य आजपासून बंद करा. त्या वाक्यातून गार्डला एवढंच कळतं की आपण शॉट मारलेला प्रशिक्षकांना खुपतो. मग तो हात आखडता घेतो, आणि तुमच्या संघाचा सगळ्यात चांगला स्कोअरर कोर्टवर असून नसल्यासारखा होतो. पास किती द्यायचे यापेक्षा ते कधी आणि कुठून द्यायचे, हा तुमच्याकडचा खरा प्रश्न आहे. तुमच्याच तक्त्यातून ते दिसतं.

हुकलेले शॉट आणि टर्नओव्हर (शॉटआधीच घालवलेला चेंडू) तुम्ही वेगळ्या तक्त्यावर मांडता हे फार बरं करता. अधिकृत स्कोअरशीटवर हुकलेला शॉट उमटत नाही, आणि अशा दुखण्याचं निदान हुकलेल्या शॉटमध्येच असतं.

आधी गार्डवर किती भार आहे ते पाहू. त्याने ३६ मिनिटांत २४ शॉट घेतले, ८ फ्री थ्रो मारले, ६ वेळा चेंडू घालवला. फ्री थ्रोंना ०.४४ ने गुणायचं, कारण प्रत्येक जोडीने एक पझेशन (चेंडू ताब्यात असलेली एक पाळी) संपतंच असं नाही, बास्केट झाल्यावर मिळणारा एकटा फ्री थ्रोही त्यात असतो. म्हणजे २४ + ३.५ + ६, साधारण ३३.५ पझेशन त्याच्या हातात संपली. पूर्ण संघाचा हाच हिशेब (६४ शॉट, १६ फ्री थ्रो, १६ टर्नओव्हर) ८७ येतो. तो ४० पैकी ३६ मिनिटं खेळला, म्हणून त्यातला ७८ चा वाटा धरू. ३३.५ भागिले ७८, म्हणजे ४३ टक्के. पाच जणांत सारखी वाटणी झाली तर प्रत्येकाला २० टक्के येतात. तुलनेला एक आकडा सांगतो. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये २०१६-१७ च्या मोसमात रसेल वेस्टब्रुकने ४१.७ टक्के भार उचलला, तेव्हा तो एका मोसमाचा विक्रम ठरला. त्या मोसमात त्याची सरासरी ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड आणि बास्केटचे पास, तिन्ही दोन आकडी) होती, सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला, आणि त्याचा संघ प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून ४-१ असा हरला. तो बेंचवर गेला की संघ कोसळायचा. एका सामन्यात ४३ टक्के होणं वेगळं, पण तुमच्या पत्रावरून तरी हे रोजचंच दिसतं.

खरी गोष्ट पुढे आहे. व्हिडिओ थांबवत थांबवत आम्ही प्रत्येक शॉटची वेळ मांडली. बाकीच्यांनी मिळून ४० शॉट घेतले. त्यातले २७, क्लॉकवर (शॉटसाठी मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या घड्याळावर) सहा किंवा जास्त सेकंद असताना आले आणि त्यांतून २९ गुण मिळाले, म्हणजे शॉटमागे १.०७. उरलेले १३ शेवटच्या सहा सेकंदांतले. त्यांतून ७ गुण, शॉटमागे ०.५४. गार्डच्या २४ शॉटमधून २१ गुण, शॉटमागे ०.८८. तेही फोडून बघा. चार किंवा जास्त ड्रिबल (चेंडूचे टप्पे) करून घेतलेले १५ शॉट, त्यांतून ९ गुण. तीन किंवा कमी ड्रिबलवर घेतलेले ९ शॉट, त्यांतून १२ गुण.

हा एकाच सामन्याचा हिशेब आहे, तेव्हा दगडावरची रेघ समजू नका. अजून चार सामने असेच मांडा. पण चित्र बदलेल असं वाटत नाही. बाकीचे चौघे कमी दर्जाचे नाहीत, त्यांना चेंडू उशिरा मिळतो. गार्डही स्वार्थी नाही, तो पास देतोच, फक्त आपले सगळे मार्ग बंद झाल्यावर देतो. आता तो स्वतः आधी खेळून पाहतो आणि अडला की चेंडू सोडतो. हा क्रम उलटा करायचा. चेंडू आधी सोडायचा आणि उशिरा परत घ्यायचा.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये साडेसहा मिनिटं बाकी असतानाची चाल पुन्हा लावून बघा. गार्ड मध्यरेषा ओलांडतो तेव्हा क्लॉकवर १८ आहेत. सेंटर स्क्रीन लावायला वर येतो, गार्ड ती नाकारून डावीकडे जातो, अडतो, मागे येतो. सेंटर पुन्हा दुसऱ्या बाजूला स्क्रीन लावतो. आता १० सेकंद. गार्ड आत घुसतो, दोन डिफेंडर आडवे येतात, आणि ७ वर चेंडू उजव्या कोपऱ्यात जातो. कोपऱ्यातल्या मुलाकडे नीट बघा. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे सरळ, हात कमरेवर. पास गुडघ्याच्या खाली येतो, तो वाकून घेतो, तोवर त्याचा डिफेंडर परत पोचलेला असतो. मग घाईत एक ड्रिबल आणि दोन सेकंद उरलेले असताना तीन गुणांच्या रेषेवर पाय ठेवून शॉट. तक्त्यात तो त्या मुलाच्या नावावर 'हुकला' म्हणून जातो. बेंचवरच्यांना वाटतं, बघा, याला दिला की असं होतं. गार्डलाही तेच वाटतं आणि पुढच्या वेळी तो पास आणखी उशिरा देतो. तालमेळ बिघडतो तो असा. भांडण न होता.

भांडणावरून आठवलं. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांची गट्टी असलीच पाहिजे असं काही नाही. १९९५ च्या सराव शिबिरात शिकागोचा मायकेल जॉर्डन आणि त्याचाच सहकारी स्टीव्ह कर यांची हाणामारी झाली होती. १९९७ च्या फायनलच्या सहाव्या सामन्यात अखेरच्या क्षणी जॉर्डनवर दुसरा डिफेंडर धावून आला, तेव्हा त्याने चेंडू दिला तो करलाच, आणि करच्या शॉटने शिकागोला आघाडी मिळाली. एकमेकांचा राग येऊनही एकत्र खेळता येतं. पण चेंडू कधी येणार याचा अंदाज नसेल तर जिवलग मित्रांनाही ते जमत नाही. तेव्हा संघाची सहल वगैरे काढायचा विचार असेल तर खुशाल काढा, पण या दुखण्यावर ते औषध नव्हे.

स्टारची शैली म्हणजे तो किती गुण करतो हे नव्हे, ते गुण करताना चेंडू किती वेळ अडवून ठेवतो हे बघायचं. गोल्डन स्टेटच्या क्ले थॉम्पसनने २०१६ च्या डिसेंबरमध्ये इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले, तेही अख्ख्या सामन्यात फक्त ११ ड्रिबल आणि चेंडू जेमतेम दीड मिनिट हातात घेऊन. ६० गुण करणाऱ्यावर त्या दिवशी संघातलं कोणी रुसलं असेल असं वाटत नाही. उलट ॲलन आयव्हर्सनची शैली चेंडू हातात ठेवायची. २०००-०१ मध्ये फिलाडेल्फियाने त्याच्याभोवती एरिक स्नो, ॲरन मकी, डिकेम्बे मुटोम्बो अशी बचावावर जगणारी, शॉट न मिळाल्याने नाराज न होणारी माणसं उभी केली आणि संघ फायनलला पोचला. तो मार्ग तुम्हाला बंद आहे, कारण तुमच्याकडे १५ गुण करू शकणारा सेंटर आहे आणि त्याला गुण करायचेत. तुमच्या जवळचं उदाहरण जॉर्डनचंच आहे. १९८६-८७ मध्ये त्याची सरासरी ३७.१ होती आणि शिकागो पहिल्या फेरीत एकही सामना न जिंकता बाहेर पडला. प्रशिक्षक फिल जॅक्सन आणि त्यांचे सहायक टेक्स विंटर यांनी ट्रायँगल ही सगळ्यांच्या हातून चेंडू फिरवणारी पद्धत आणल्यावर, १९९०-९१ मध्ये, सरासरी ३१.५ झाली. लीगमधला सर्वाधिक स्कोअरर तरीही तोच होता, आणि संघ विजेता ठरला. त्याला शॉट मारू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. चेंडू त्याच्याकडे वेगळ्या जागी, बाकीच्यांचे हात लागून, बचाव हललेला असताना यायला लागला.

आता तुमच्या कोर्टवर काय करायचं ते सांगतो.

संघाला १८-१२-६ हा नियम द्या. क्लॉकवर १८ असेपर्यंत चेंडू मध्यरेषेपलीकडे. १२ पर्यंत तो कोर्टच्या दोन्ही बाजूंना एकेकदा गेलेला पाहिजे. ६ च्या खाली गेला की चेंडू गार्डचा, तेव्हा त्याने हवं ते करावं, हुकला तरी कुणी तोंड वाकडं करायचं नाही. हे शेवटचं कलम गार्डसमोर मोठ्याने सांगा. त्याच्याकडून तुम्ही सुरुवातीचे सेकंद घेताय, बदल्यात काहीतरी त्याच्या हक्काचं द्यायला हवं. शिवाय घड्याळ संपत आल्यावर स्वतःचा शॉट तयार करणं हे अवघड काम तुमच्याकडे त्यालाच येतं. ते आज कोपऱ्यातल्या मुलाच्या गळ्यात पडतंय.

सुरुवातीची चाल एकच ठेवा, पण पक्की करा. गार्ड विंगला (कोर्टच्या बाजूला थांबलेल्या खेळाडूला) पास देतो आणि उभा न राहता थेट पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या भागात) शिरून सेंटरच्या डिफेंडरला स्क्रीन लावतो. लहान खेळाडूने मोठ्यासाठी लावलेली ही स्क्रीन बचावाला फार त्रास देते. गार्डचा डिफेंडर त्याला सोडून मदतीला जायला घाबरतो, त्यामुळे सेंटर जवळजवळ मोकळाच फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी, एल्बोवर येतो. विंगने चेंडू तिथे द्यायचा. गार्ड समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन वळतो आणि सेंटरच्या दिशेने जोरात येतो. आता निर्णय सेंटरच्या हातात. गार्डचा डिफेंडर मागे पडला असेल तर हॅन्डऑफ, म्हणजे चेंडू हातोहात गार्डला. सेंटरचा डिफेंडर गार्डला अडवायला पुढे सरकला असेल तर हॅन्डऑफचं नाटक करून स्वतः वळायचं आणि एका ड्रिबलमध्ये रिंगकडे. विंगचा डिफेंडर पास अडवायला वर चढला असेल तर त्याच्या पाठीमागून बॅकडोर कट आणि बाउन्स पास. एनबीएतला सेंटर निकोला योकिच एल्बोवरून हेच करतो. तुमचा सेंटर योकिच नाही, पण त्याला तिन्ही निवडी कराव्या लागणार नाहीत, पहिल्या दोन पुरतात. 'मला स्क्रीन लावायलाच ठेवलंय का' या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. स्क्रीन आता गार्ड लावतोय.

हॅन्डऑफनंतर गार्डला तीन ड्रिबल. हा नियम सरावात सक्तीचा ठेवा, सामन्यात नुसता आठवणीपुरता. तीन ड्रिबलमध्ये एल्बोवरून रिंगपर्यंत कुणीही पोचतो. त्याहून जास्त लागत असतील तर वाट बंद आहे असं समजायचं.

बाकीच्या तिघांना गार्ड घुसल्यावर काय करायचं ते ठरवून द्या, कारण 'हलत राहा' एवढ्याने कुणी हलत नाही, किंवा हलतो आणि नेमका गार्डच्याच वाटेत येतो. दोन खेळाडूंत साडेचार ते पाच मीटर अंतर हवं. एक हेल्प डिफेंडर दोघांना एकदम सांभाळू शकणार नाही इतकं. गार्ड बेसलाइनने (रिंगमागच्या रेषेलगत) गेला तर पलीकडच्या बाजूच्याने बेसलाइनलगत कोपऱ्यात उतरायचं, पास रिंगखालून सरळ त्याच्याकडे जातो. मधून गेला तर त्याच्या मागच्या विंगने वर सरकून त्याने रिकामी केलेली जागा घ्यायची, म्हणजे अडल्यावर मागे पास देता येतो. सेंटरने पेंटमध्ये थांबायचं नाही. तीन सेकंदांचा नियम आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो स्वतःबरोबर आपला डिफेंडर गार्डच्या वाटेत आणून उभा करतो. हॅन्डऑफ दिल्यावर त्याने रिंगकडे जावं, चेंडू आला नाही तर बेसलाइनशी, पेंटच्या रेषेबाहेर एक पाऊल, छाती चेंडूकडे करून थांबावं. तुमच्या व्हिडिओत गार्डचे सहापैकी तीन टर्नओव्हर स्वतःच्याच सेंटरच्या पाठीवर चेंडू आपटून झालेत.

आक्रमक रिबाउंडचीही (आपलाच हुकलेला शॉट परत पकडण्याची) सवय बदला. रिबाउंड घेतल्यावर क्लॉक १४ वर येतं. तुमचा सेंटर तो घेतो आणि न बघता बाहेर गार्डला देतो, म्हणजे विस्कटलेल्या बचावाला सावरायला वेळ देतो. त्या वेळी आधी स्वतः वर चढवायचा, दोघे आडवे आले तर कोपऱ्यात, आणि काहीच नसेल तरच बाहेर.

सरावात यासाठी ४० मिनिटं काढा, पण व्याख्यान देऊ नका. खेळाचे नियमच असे लावा की हवं ते आपोआप घडेल. पहिली पाच मिनिटं चारास चार, ड्रिबल पूर्ण बंद. नंतर पंधरा मिनिटं पाचास पाच, क्लॉक १४ चं. दुसऱ्या बाजूला गेलेल्या चेंडूवर झालेल्या बास्केटला ३ गुण, इतर कुठल्याही बास्केटला १. मोकळा शॉट असताना जो मारणार नाही त्याने चेंडू समोरच्यांना द्यायचा, टर्नओव्हर धरून. मग दहा मिनिटं गार्डला दुसऱ्या फळीत घाला आणि पहिल्या फळीतल्या चौघांना त्याच्याविरुद्ध खेळवा. यात दोन गोष्टी होतात. चौघांना त्याच्याशिवाय खेळावं लागतं, आणि गार्डला बाकीच्यांची चांगली बाजू समोरून दिसते. शेवटची दहा मिनिटं क्लॉक सहावर लावून, चेंडू गार्डकडे देऊन. यात तुम्ही गार्डकडे बघू नका, इतरांच्या पायांकडे बघा.

शूटिंगही बदला. स्थिर उभ्या माणसाच्या छातीपाससारख्या गोंडस पासवर शॉट मारून कोपऱ्यातल्या मुलाला काही उपयोग नाही. त्याने रोज ५० शॉट गार्डच्या प्रत्यक्ष ड्राइव्हनंतर आलेल्या पासवर मारावेत. गार्डचा पास गुडघ्याखाली पडतोय ही त्याची तांत्रिक उणीव आहे, स्वभावाची नव्हे. धावताना ड्रिबलमधून एका हाताने पास छातीच्या उंचीवर काढायला सराव लागतो, विशेषतः कमकुवत हाताने. त्या ५० शॉटमध्ये दोघांचाही सराव होतो.

पहिले दोन आठवडे टर्नओव्हर वाढतील. वाढू द्या, चाल सोडू नका. मात्र तीन ठिकाणी गाडं अडतं. एक, विंग आणि सेंटर चेंडू हाताला चटका बसल्यासारखा गार्डला परत देतात, कारण महिनोन् महिने त्यांना तीच सवय आहे. त्यावर मोकळ्या शॉटचा नियम कडक लावा. दोन, गार्ड चाल अक्षरशः पाळतो पण जोरात कट करत नाही, चालत चालत कोपऱ्यात जातो. चेंडू सोडून जाणं म्हणजे सुट्टी असं त्याला वाटतं. व्हिडिओत त्याच्या चालण्याच्या वेळी त्याचा डिफेंडर काय करतो ते दाखवा. तो मदतीला सरकलेला असतो, आणि सेंटर त्यामुळेच मोकळा सुटत नाही. तीन, समोरचे संघ सुरुवातीच्या पासला विंगला चिकटून अडवतील. तेव्हा विंगने तिथेच हात वर करून थांबायचं नाही, थेट बॅकडोर जायचं. दोनदा बास्केट झाली की अडवणं थांबतं.

मिनिटांची वाटणी. आज गार्ड ३६ मिनिटं खेळतो आणि त्याच्याबरोबरच सेंटरही बसतो, म्हणजे सेंटरला स्वतःचा असा वेळच नाही. गार्डला पहिल्या क्वार्टरची पहिली आठ मिनिटं खेळवा, शेवटची दोन आणि दुसऱ्याची पहिली दोन बसवा. उत्तरार्धात तसंच. एकूण ३२ मिनिटं होतात, आणि क्वार्टरच्या मधली विश्रांती धरून त्याला सलग बरा आराम मिळतो. सेंटर प्रत्येक क्वार्टरमध्ये पाच मिनिटं झाल्यावर तीन मिनिटं बसेल, म्हणजे एकूण २८ मिनिटं खेळेल. यातून दोघे २० मिनिटं एकत्र असतात, आणि आठ मिनिटं अशी मिळतात की गार्ड बाहेर आहे आणि चेंडू सेंटरभोवती फिरतो. ती आठ मिनिटं संघ बरोबरीत राहिला तरी पुष्कळ. चौथ्या क्वार्टरमध्ये गार्ड आठ मिनिटं शिल्लक असताना ताजा येईल. त्याचे लांबचे शॉट अखेरीस आखूड पडतात असं व्हिडिओत दिसतं, आणि ते पायांतली ताकद संपल्याचं लक्षण असतं.

बचावाबद्दल पत्रात एक शब्द नाही, पण सेंटरच्या रागाचं अर्धं मूळ तिथे असावं असा आमचा अंदाज आहे. गार्ड रिंगखाली पडला की पंचांकडे बघत उभा राहतो आणि समोरच्यांचा फास्ट ब्रेक चारांवर पडतो. पहिल्या हाफमध्ये असं चारदा झालं. शॉट कमी मिळणं खेळाडू एकवेळ सहन करतो, पण दुसऱ्याच्या वाटचं धावणं त्याच्या जिवावर येतं. नियम सगळ्यांना एक ठेवा. शॉट सुटला की विंगपैकी एक आणि टॉपला असलेला, हे दोघे मागे. जो मागे येणार नाही तो पुढच्या थांब्याला बाहेर, मग तो २७ गुण करणारा का असेना. त्याला दमू नये म्हणून समोरच्या कमकुवत खेळाडूवर ठेवायचं असेल तर ठेवा, ते शहाणपणाचंच आहे. फक्त का ठेवलंय ते बाकीच्यांना सांगून ठेवा, नाहीतर ते लाड वाटतात.

बोलायचं कसं? आधी गार्डशी, एकट्याने, सरावाच्या दिवशी. हरल्यावर लगेच नाही आणि टाइमआउटमध्ये तर मुळीच नाही. सहा क्लिप न्या. तीन त्याच्या तीन ड्रिबलच्या आतल्या बास्केट, तीन उशिरा सुटलेले पास. शेवटच्या तिन्हींवर चित्र थांबवून विचारा, 'या क्षणी कोण मोकळा होता?' उत्तर तुम्ही देऊ नका. मग आकडे दाखवा, १५ शॉटमध्ये ९ गुण आणि ९ शॉटमध्ये १२. 'तुझे शॉट कमी करायचे नाहीत, हे १५ बदलून त्या ९ सारखे करायचेत,' एवढंच सांगा. स्कोअरर माणसाला गुणांची भाषा लगेच कळते.

सेंटरला वेगळा भेटा. त्याला गुणांचं वचन देऊ नका, तो आकडा तुमच्या हातात नाही. एल्बोवर प्रत्येक हाफमध्ये किमान आठ वेळा चेंडू मिळेल असं वचन द्या, आणि बेंचवरच्या एकाला ते मोजायला बसवा. त्या सामन्यात त्याला तिथे चेंडू सबंध ४० मिनिटांत चारदा मिळाला होता. पुढच्या सामन्यात पाचच वेळा मिळाला तर तुम्हीच जाऊन मान्य करा, त्याने येऊन विचारायची वेळ आणू नका. दोघांना समोरासमोर बसवून 'मनातलं बोला' वगैरे मात्र करू नका. बोलण्यासारखं त्यांच्याकडे फार काही नाही, आणि जे आहे ते चालीतून सुटेल.

आणि चार-सहा गुणांनी हरलेले ते सामने. शेवटच्या दोन मिनिटांत तुमचा संघ नेहमीची चाल टाकून देतो, चौघे एका बाजूला होतात आणि गार्ड एकटा खेळतो. समोरच्या प्रशिक्षकाला हेच हवं असतं, कारण मग त्याला कोण शॉट मारणार ते माहीत असतं आणि दुसरा डिफेंडर बिनधास्त पाठवता येतो. तीच एल्बोची चाल तेव्हाही ठेवा, फक्त क्लॉक १० वर आल्यावर सुरू करा. गार्डला हॅन्डऑफ मिळेल. सेंटरचा डिफेंडर त्याच्यावर धावला तर सेंटर रिंगकडे, आणि कोपऱ्यातला डिफेंडर सेंटरला अडवायला आत आला तर कोपरा मोकळा. तो कोपरा कोणाचा, हे टाइमआउटमध्ये फळ्यावर ठरवू नका. आदल्या सरावातच एकाचं नाव पक्कं करा, आणि त्या मुलाला सरावाच्या अगदी शेवटी, कोर्टच्या चार फेऱ्या धावून दम लागलेला असताना, त्याच कोपऱ्यातून गार्डच्या पासवर दहा शॉट मारायला लावा.